वकीलसाहेब, एक विचारायचं होतं : संचकार (म्हणजे विसार) दिला, मग जागा माझीच की?

या वेळची पत्रं टेबलावर पसरून बसलो होतो, कुणी येळ्ळूरचं, कुणी खानापूर तालुक्यातलं, कुणी वडगावचं, आणि तिसऱ्या-चौथ्या पत्राला लक्षात आलं की आत भांडण सगळ्यांचं एकच आहे. हक्क आहे हो, पण तो कशावर? वस्तूवर की माणसावर? लॉ कॉलेजात आम्हाला हे इन रेम आणि इन पर्सोनम म्हणून शिकवलं होतं, रोमन लोकांनी दावेच मुळात या दोन जातींचे केले होते वगैरे, आणि आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ करून विसरून गेलो. कोर्टाची पायरी चढायला लागल्यावर कळलं की निम्मे अशील इथंच फसलेले असतात. वस्तूवरचा हक्क सगळ्या जगाला बांधतो, ती वस्तू कुणाच्याही हातात जाऊदे तुम्ही तिच्या मागं जाऊ शकता. माणसावरचा हक्क म्हणजे त्या एका माणसानं तुम्हाला शब्द दिलाय किंवा तो तुमचं देणं लागतोय, तेवढंच. बाकीच्यांना त्याचं काही सोयरसुतक नाही.

आता पत्रं घेऊया.

प्रश्न : वकीलसाहेब नमस्कार. आमच्या गावच्या शिवारात एकाची २० गुंठे जमीन घ्यायची ठरली, २४ लाखाला. गेल्या वर्षी दसऱ्याला ६ लाख संचकार दिला, स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केलं, दोन साक्षीदार घातले. मालकानं त्याच दिवशी ताबा पण दिला. मी चारी बाजूनी तारेचं कुंपण मारून घेतलं आणि यंदा रताळी लावलीत. बाकीचे पैसे मोजणी झाली की द्यायचे असं ठरलं होतं, मोजणीवाला येतो येतो म्हणत आलाच नाही, आणि आता कळतंय की मालकानं तीच जमीन दुसऱ्याला रजिस्टर खरेदी करून दिली! तो माणूस येऊन म्हणतोय कुंपण काढा. मी म्हणतो संचकार माझा आधीचा, नोटरी आहे, जागा माझी. बरोबर ना? — वाचक, येळ्ळूर

उत्तर : नाही. निदान आजच्या तारखेला तरी जागा तुमची नाही. वाईट वाटेल पण आधी हे गिळा, मग पुढचं बोलूया, कारण पुढं चांगलं पण आहे.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे, त्याच्या कलम ५४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जागा विकायची तर रजिस्टर खरेदीखतच लागतं, आणि विक्रीचा नुसता करार म्हणजे आपला संचकार, त्यानं त्या जागेत कुठलाही हितसंबंध तयार होत नाही. म्हणजे काय, तुमचा ६ लाखाचा कागद जमिनीला चिकटलेला नाही, तो त्या मालकाला चिकटलेला आहे. त्यानं तुम्हाला शब्द दिला की मी तुला विकेन. शब्द मोडला तर त्याला धरा. नोटरीचा तो लाल गोल शिक्का बघून आपल्या लोकांना वाटतं सरकारनं मोहोर मारली, तसं काही नसतं. नोटरी एवढंच सांगते की या माणसानं माझ्यासमोर सही केली.

आणि ताबा आहे म्हणून मला कोण हलवतंय असं पण म्हणू नका. पूर्वी कलम ५३अ खाली करारावर ताबा घेतलेल्याला संरक्षण मिळायचं, पण २४ सप्टेंबर २००१ पासून त्यासाठी करार रजिस्टर पाहिजे. तुमचा नाही. तेव्हा ती ढाल तुमच्याकडे नाही.

पण आता बघा गंमत. माणसावरचा हक्क असला तरी सगळं संपलं असं नसतं, कायद्यानं त्याला थोडी शेपटी ठेवलीय. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट १९६३, कलम १९. मालकाकडून नंतर जागा घेणाऱ्यावर सुद्धा तुमचा करार चालवता येतो, तो सुटतो कधी, तर त्यानं पूर्ण पैसे दिलेत, प्रामाणिकपणे दिलेत, आणि तुमच्या कराराची त्याला खबर नव्हती असं असेल तर. तिन्ही पाहिजेत, आणि ते दाखवायचं काम मुख्यतः त्याचं. आता हा माणूस २० गुंठे घेताना जमीन बघायला आला असेल की नाही? आला असेल तर त्याला चार ओळींचं तारेचं कुंपण दिसलं असणार आणि आत रताळ्याचे वेल दिसले असणार. मालक तर शेत करत नाही, मग हे कुणाचं, असं विचारायला नको होतं का? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३ मध्येच आहे की जागेत प्रत्यक्ष ज्याचा ताबा आहे त्याच्या हक्काची खबर घेणाऱ्याला आहे असं धरलं जातं. बघायलाच आला नाही म्हणाला तर आणखी वाईट, न बघता कोण जमीन घेतंय!

म्हणजे तुमच्या नोटरीपेक्षा तुमचं कुंपण भारी पडणार आहे. ते काढू नका. आजच फोटो काढून ठेवा, वेलीसकट, शेजारच्या बांधावर उभं राहून चतुःसीमा दिसेल असे. तार कुठल्या दुकानातून आणली त्याची पावती शोधा, तारीख महत्त्वाची आहे, त्याच्या खरेदीच्या आधीची पाहिजे. पण माणसं घेऊन शेतात भांडायला जाऊ नका, त्यानं केस फौजदारी होते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

मग ईसी, म्हणजे जागेवरच्या रजिस्टर व्यवहारांचा दाखला, काढा, फॉर्म १५ येईल, त्यात त्याच्या खरेदीची तारीख आणि रक्कम दिसेल. तुमचा संचकार त्यात दिसणार नाही कारण रजिस्टरच केलेला नाही. रजिस्टर केला असता तर तो ईसीत आला असता आणि साऱ्या जगाला खबर आहे असंच कायद्यानं धरलं असतं, कुंपणाचा एवढा आटापिटा करावा लागला नसता. बरं, झालं ते झालं. दोघांनाही वकिलातर्फे नोटीस, आणि दाव्यात दोघांनाही पार्टी करा. खरेदीची तारीख करारात ठरलेली असेल तर तिच्यापासून ३ वर्षं, नसेल तर समोरच्यानं नकार दिल्याचं कळल्यापासून ३ वर्षं, ही मुदत आहे, पण ३ वर्षं आहेत म्हणून बसून राहू नका. आणि उरलेले १८ लाख? ते द्यायची तुमची तयारी होती आणि आहे हे दाखवावं लागतं, बँकेचं पासबुक, एफडी काहीतरी. इथं लय लोकं पडतात. भांडण लागल्यावर १८ लाख मुलीच्या लग्नाला खर्च केले म्हणतात, आणि मग कोर्ट विचारतं, तुम्ही तयार होता हे कशावरून?

शेवटी जमीन नाहीच मिळाली तर ६ लाखाचं काय? चूक तुमची नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे दिलेल्या आगाऊ पैशाचा बोजा त्या जमिनीवर राहतो. म्हणजे करार माणसावर आणि पैशाचा बोजा मात्र जमिनीवर. दाव्यात पर्यायी मागणी म्हणून हे नक्की मागा, बरेच जण नुसतं पैसे परत द्या असं लिहितात आणि बोजा मागायचाच विसरतात.

प्रश्न : आमच्या शेताला रस्ता नाही. शेजाऱ्याच्या बांधावरून १५ वर्षं बैलगाडी, आता ट्रॅक्टर जातोय. शेजारी लय चांगला माणूस होता, आम्ही दरवर्षी पेरणीच्या आधी जाऊन विचारून यायचो आणि दिवाळीला गुळाची ढेप नेऊन द्यायचो, त्यानं कधी नाही म्हटलं नाही. आता त्याच्या मुलानं शेत विकलं, नवीन मालकानं दगड लावून वाट बंद केली. एवढ्या वर्षांची वहिवाट अशी मोडता येते काय? — वाचक, खानापूर तालुका

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण तुमचा चांगुलपणाच तुमच्या आड येतोय. वहिवाटीचा हक्क आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही १८८२ च्या ईझमेंट कायद्यात आहेत. वहिवाटीचा हक्क शेताला चिकटतो, शेजारचं शेत कुणीही विकत घेऊदे, त्याला ती वाट सोडावीच लागते. परवानगी ही त्या माणसानं तुम्हाला दिलेली असते, त्यानं जागा विकली की नव्या मालकावर ती बंधनकारक नसते, कलम ५९. वापरानं हक्क मिळवायचा तर २० वर्षं उघडपणे, अडथळ्याशिवाय आणि हक्कानं गेलं पाहिजे. हक्कानं म्हणजे न विचारता. तुमची वर्षं १५ च, आणि दरवर्षी विचारून आणि गूळ देऊन. आता कोर्टात हे सांगायचं म्हणजे स्वतःच कबुली दिल्यासारखं आहे. गावाकडं विचारून जाणं याला संस्कार म्हणतात, कायदा त्याला परवानगी म्हणतो, काय करणार.

पण लगेच सोडून देऊ नका. एक विचारतो, तुमचं शेत आणि ते शेत पूर्वी एकाच घराण्याचं होतं का? उताऱ्यावर सर्व्हे नंबर बघा, समजा तुमचा ४५/२ आणि त्याचा ४५/१ असेल तर आज्या-पणज्याच्या काळी वाटणी झालेली असणार. एकाच मालकाच्या जमिनीची वाटणी किंवा विक्री होऊन एखादा तुकडा आत अडकला आणि त्याला दुसरी वाटच उरली नाही, तर गरजेची वाट म्हणून कलम १३ आहे, त्याला २० वर्षं लागत नाहीत आणि गुळाची ढेप पण आड येत नाही. मात्र दुसरीकडनं लांबून का होईना जाता येत असेल तर हे चालत नाही, नुसतं गैरसोयीचं आहे म्हणून मिळत नाही.

जुने कागद काढा. तुमच्याकडे १९५६ च्या आधीचे, म्हणजे आपला भाग मुंबई राज्यात होता तेव्हाचे फाळणीचे कागद असतील तर ते मराठीत असतील, त्याच्याही मागचे मोडीत असतील, मोडी वाचणारा गाठा. आणि सर्व्हे ऑफिसातून गावचा नकाशा घ्या, त्यात तुटक रेषांनी गाडीवाट दाखवलेली असली तर तुमचं अर्धं काम झालं.

प्रश्न : जमीन शिनोळीला आहे, चंदगड तालुक्यात. मालक राहतो टिळकवाडीत. व्यवहार बेळगावात बसून झाला, करारात लिहिलंय की वाद झाल्यास बेळगाव कोर्ट. आता तो खरेदी देईना. दावा बेळगावातच घालता येईल ना, तिकडं कोण हेलपाटे घालणार? — वाचक, हिंडलगा

उत्तर : हा खास आपल्या सीमेवरचा प्रश्न! टिळकवाडीतून निघाला की चहा थंड व्हायच्या आत शिनोळी, पण राज्य बदललं, कर्नाटकातल्या आरटीसी उताऱ्याचा महाराष्ट्रातला सातबारा झाला.

इथं पण तेच, मागताय काय ते सांगा. पैसे परत पाहिजेत फक्त? मग ते माणसावरचं मागणं, तो बेळगावात राहतो, व्यवहार इथं झाला, सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम २० प्रमाणे दावा इथं चालतो. जमिनीवरचा हक्क, ताबा, वाटणी असलं काही मागायचं असेल तर कलम १६, जमीन जिथं तिथलं कोर्ट. खरेदी करून द्या हे मागणं मधलं आहे. कलम १६ लाच एक परंतुक आहे की प्रतिवादीनं स्वतः हुकूम पाळला की सगळं मिळण्यासारखं असेल तर तो राहतो तिथंही दावा चालेल. म्हणून लोकांना वाटतं की तो टिळकवाडीत आहे, त्याला सही करायला लावायचं, झालं. पण सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये गुरगावच्या प्लॉटच्या आणि दिल्लीच्या कोर्टाच्या प्रकरणात सांगितलंय की खरेदीबरोबर ताबाही मागत असाल तर ते परंतुक लागू होत नाही, आणि करारात अमुक कोर्ट असं लिहून घेतल्यानं ज्या कोर्टाला अधिकारच नाही त्याला तो येत नाही. तुम्हाला ताबा पाहिजेच असणार. तेव्हा हेलपाटे घाला, तिकडेच घाला. इथं घालून ५ वर्षांनी दावा परत केला जाण्यापेक्षा बरं. दोन राज्यांचा सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तुमचा तरी खाली मिटूदे.

प्रश्न : दादा, आमच्या एका सोसायटीत माझी ३ लाखाची ठेव आहे, आणि तिथंच मी पाटल्या ठेवून ८० हजार सोनेतारण कर्ज काढलंय. आता सोसायटीच्या दाराला कुलूप आहे, कधी उघडतात कधी नाही. मिस्टर म्हणतात ठेव पण गेली सोनं पण गेलं. मला झोप येत नाही. — एक भगिनी, वडगाव

उत्तर : ताई, मिस्टरांना सांगा दोन्ही एका मापानं मोजू नका. पाटल्या तुमच्याच आहेत. तारण ठेवल्या म्हणजे सोसायटीच्या झाल्या नाहीत, तिला फक्त कर्ज फिटेपर्यंत धरून ठेवायचा हक्क आहे, आणि नाहीच फिटलं तर रीतसर नोटीस देऊन विकायचा. सोसायटीवर इतर शंभर जणांचं देणं असलं तरी त्या शंभर जणांचा तुमच्या पाटल्यांवर काही हक्क नाही. पैसे भरायची तयारी लेखी कळवा, रजिस्टर पोस्टानं, आणि पाटल्या परत मागा. तारणाची पावती आहे ना, ज्यावर वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं? ती जपून ठेवा, झेरॉक्स माहेरी पण ठेवा.

ठेवीचं मात्र तसं नाही. लोकांना वाटतं माझे ३ लाख तिथं कपाटात आहेत. नाहीत. ज्या दिवशी भरले त्या दिवशी ते पैसे सोसायटीचे झाले आणि सोसायटी तुमची देणेकरी झाली. तुमच्याकडे पैसे नाहीत, पैसे मागायचा हक्क आहे, तोही त्या एका सोसायटीवर. देणेकऱ्याकडेच नसेल तर सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहावं लागतं. आणि बँक बुडाली तर ५ लाखापर्यंत विमा आहे हे तुम्ही ऐकलं असेल, २०२० पासून ५ लाख आहे, पण तो बँकांना, सहकारी बँका धरून. क्रेडिट सोसायटीला नाही. व्याज जास्त मिळतं म्हणून आपण सोसायटीत ठेवतो तेव्हा हे कोण सांगत नाही.

ठेव आणि कर्ज दोन्ही तुमच्याच नावावर आहे तर ठेवीतनं ८० हजार आणि व्याज वळतं करून पाटल्या द्या असं पण लिहून द्या, मानतील न मानतील. पाटीवर बघा, मल्टीस्टेट लिहिलंय का? सीमेमुळं आपल्याकडे तसल्या बऱ्याच आहेत. मल्टीस्टेट असली तर २००२ चा केंद्राचा कायदा, नसली तर कर्नाटकाचा १९५९ चा, कलम ७० खाली सहकार खात्याकडे वाद नेता येतो. पत्त्यावर अर्ज घालायच्या आधी एवढं बघून घ्या नाहीतर चुकीच्या दारात सहा महिने जातात.

प्रश्न : मित्राला दीड लाख हातउसने दिले, देत नाही. तलाठ्याला सांगून त्याच्या उताऱ्यावर बोजा चढवता येतो का? — वाचक, कडोली

उत्तर : येत नाही. हातउसने म्हणजे शंभर टक्के माणसावरचं येणं. त्याची जमीन तुम्हाला तारण दिलेली नाही. आरटीसी कन्नडात असली तरी ११ नंबरच्या रकान्यात ऋण हा शब्द आपल्याही ओळखीचा आहे, पण तिथं यायला गहाणखत पाहिजे, बँकेचं कर्ज पाहिजे नाहीतर कोर्टाचा हुकूम पाहिजे, तुमची तक्रार चालत नाही. ३ वर्षांच्या आत दावा करा, डिक्री म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा घ्या, मग जप्ती. तो शेतकरी असेल तर त्याचं राहतं घर, औतं, बैल जप्त होत नाहीत हे पण ध्यानात ठेवा. गूगल पेनं पाठवले असतील तर स्टेटमेंट काढून ठेवा, मोबाईल बदलला की लोकं रडत येतात.

प्रश्न : पावण्यांच्या लग्नासाठी एका व्यापाऱ्याकडे बासमतीची १० पोती घेतली, आपलीच बेळगाव बासमती. पूर्ण पैसे दिले, पावती आहे. घरात जागा नाही म्हणून त्याच्याच गोडावनात ठेवली. परवा दुसऱ्या कुणाच्या डिक्रीत त्याच्या गोडावनावर कोर्टाची जप्ती आली, बेलिफनं सगळं सील केलं. माझी १० पोती मला मिळतील की नाही? लग्न २० दिवसांवर आलंय. — वाचक, कंग्राळी

उत्तर : पैसे दिले का हा प्रश्नच नाही, दिलेतच. प्रश्न असा की ती १० पोती कुठली? गोडावनात २०० पोत्यांची थप्पी असेल आणि त्यातली कुठलीही १० तुमची असं ठरलं असेल, तर १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १८ प्रमाणे माल नक्की होईपर्यंत मालकी तुमच्याकडे येतच नाही. मग तुम्ही इतरांसारखे त्या व्यापाऱ्याचे येणेकरी. पण तुमच्यासमोर १० पोती बाजूला काढून वेगळी रचली असतील आणि तुम्ही हो म्हणाला असाल, तर ती पोती तुमची झाली, त्याच्या देण्यापायी ती जप्त होऊ शकत नाहीत, आणि त्याच कोर्टात सिव्हिल प्रोसिजर कोडच्या ऑर्डर २१ रूल ५८ खाली अर्ज घालून ती सोडवून घेता येतात. अर्ज लिलावाच्या आधी गेला पाहिजे. हमालाला साक्षीदार करा, कुठं रचली ते त्यालाच नक्की माहीत असतं. पोत्यावर तुमचं नाव किंवा खूण घातली होती का? तेवढं उद्या फोन करून सांगा, बाकी अर्ज मी लिहायला घेतो.